तारीख एकदाच ठरावी

गरोदर स्त्रीच्या फाइलमध्ये प्रसूतीची अपेक्षित तारीख एकच असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नाशिकच्या एखाद्या प्रसूतिगृहात नवव्या महिन्यातील स्त्रीची फाइल उघडून पाहिली, तर तीत अनेकदा तीन-चार तारखा सापडतात. एक शेवटच्या पाळीवरून काढलेली असते, आणि बाकीच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या अहवालाखाली यंत्राने आपणहून छापलेल्या असतात. या तारखांमध्ये आठवड्या-दोन आठवड्यांचे अंतर पडले, की वाद सुरू होतो. डॉक्टर एक तारीख धरतात, सोनोग्राफी करणारे दुसरी सांगतात, सासूबाई नऊ महिने नऊ दिवसांचा हिशेब मांडतात, कार्यालय रजेच्या अर्जावरील तारखेला चिकटून बसते, आणि जिच्या पोटात मूल आहे तिला मात्र यांतील कोणती खरी मानावी, हे कोणी नीट सांगत नाही. हा वाद वैद्यकशास्त्रातील अनिश्चिततेमुळे जितका होतो, त्याहून अधिक तो आपल्या नोंदीच्या ढिलाईमुळे होतो, असे माझे मत आहे. तारीख गरोदरपणाच्या आरंभी, एकदाच ठरावी. ती कशावरून ठरली हे कार्डावर लिहिले जावे. आणि त्यानंतर कोणताही अहवाल आला तरी ती हलवू नये.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवण्याची रीत आपल्याकडे आशा कार्यकर्तीपासून तज्ज्ञ डॉक्टरांपर्यंत सगळेच वापरतात. ती हायडेलबर्गचे प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ कार्ल नेगेले यांच्या नावाने ओळखली जाते आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून जवळजवळ जशीच्या तशी चालत आलेली आहे. तिच्यामागे एक गृहीत आहे: प्रत्येक स्त्रीचे चक्र अठ्ठावीस दिवसांचे असते आणि चौदाव्या दिवशी बीज बाहेर पडते. ज्या स्त्रीची पाळी पस्तीस दिवसांनी येते, तिचे बीज सर्वसाधारणपणे आठवडाभर उशिराने बाहेर पडते, म्हणजे तिची तारीख पहिल्या दिवसापासूनच आठवडाभर अलीकडे मांडली जाते. शिवाय महिने सारख्या लांबीचे नसल्यामुळे या बेरजेत आणखी एक छोटीशी गंमत आहे. १ जूनला पाळी आली असेल, तर ८ मार्चपर्यंत २८० दिवस भरतात. १ मार्चला आली असेल, तर ८ डिसेंबरपर्यंत २८२. औषध कंपन्या दवाखान्यांना वाटतात त्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्याही एकमेकींशी दिवस-दोन दिवसांनी जुळत नाहीत. दोन दिवसांनी काही बिघडत नाही हे खरे; पण ज्या तारखेवर पुढे एवढे वाद होतात तिचा पायाच किती सैल आहे, हे आधी ध्यानात घ्यायला हवे.

याचा अर्थ स्त्रीची आठवण निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. ‘बायकांना तारखा लक्षात राहत नाहीत’ हे दवाखान्यांत सर्रास ऐकू येणारे वाक्य मला अन्यायकारक वाटते. आपल्याकडे पाळी आणि देवकार्य यांची जी सांगड घातली गेली आहे, ती योग्य की अयोग्य हा प्रश्न वेगळा, पण तिच्यामुळे घटस्थापनेला आपण बाहेर होतो, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाळी आली, हे पेठ किंवा सुरगाण्याच्या स्त्रीला पक्के आठवत असते. प्रश्न विचारणारा तेवढा वेळ देत नाही, म्हणून उत्तर ‘महिन्याच्या पंधरा तारखेला’ असे ठोकळ येते. पाळीच्या सांगितलेल्या तारखांमध्ये अशा गोल आकड्यांची गर्दी असते, हे जगभर दिसून आलेले आहे. काही ठिकाणी मात्र आठवण कितीही चांगली असली तरी उपयोगी पडत नाही. बाळ अंगावर पीत असताना पाळी न येताच पुन्हा दिवस राहतात. गोळ्या सोडल्यावर पहिले एक-दोन महिने चक्र पुढे-मागे होते. गर्भ रुजताना झालेला थोडासा रक्तस्राव पाळी म्हणून मोजला जातो आणि हिशेब महिनाभर चुकतो. पाळी मुळातच अनियमित असलेल्या स्त्रियांची संख्या तर कोणत्याही डॉक्टरांना विचारावी.

अशा वेळी निवाडा करण्याचे उत्तम साधन म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफी. १९७० च्या दशकात ग्लासगो येथे ह्यू रॉबिन्सन यांनी गर्भाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून त्याचे वय सांगण्याची पद्धत घालून दिली; अहवालात तिचाच उल्लेख ‘सीआरएल’ या अक्षरांनी होतो. चौदा आठवड्यांच्या आत केलेल्या या मोजमापाची चूक साधारण पाच ते सात दिवसांपलीकडे जात नाही. याचे कारण असे, की आरंभीच्या आठवड्यांत सगळेच गर्भ जवळजवळ एकाच गतीने वाढतात. आई गंगापूर रोडच्या बंगल्यात राहते की द्राक्षबागेतील झोपडीत, याचा त्या वाढीवर फारसा परिणाम झालेला नसतो. पुढे तसे राहत नाही. आईचा आहार, रक्तक्षय, रक्तदाब, वारेची क्षमता, आईवडिलांची अंगकाठी या सगळ्यांनी बाळाचा आकार ठरू लागतो आणि आकारावरून वय सांगणे अवघड होत जाते. दहावीच्या वर्गातील मुलांची उंची मोजून त्यांच्या जन्मतारखा सांगता येणार नाहीत, तसेच हे आहे. म्हणूनच अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली जे निकष मांडले, त्यांत पाळीची तारीख सोडून सोनोग्राफीची धरण्यासाठी लागणारे अंतर दर टप्प्याला वाढत जाते. नऊ आठवड्यांच्या आत पाच दिवसांहून अधिक, चौदा आठवड्यांच्या आत सात दिवसांहून अधिक, आणि अठ्ठावीस आठवड्यांनंतर तब्बल एकवीस दिवसांहून अधिक फरक असेल, तरच तारीख बदलण्याचा विचार करावा, आणि तोही आधी कोणतीही सोनोग्राफी झालेली नसेल तरच.

हा नियम कागदावर रुक्ष वाटतो. तो मोडल्याने काय होते ते एका उदाहरणाने पाहू. एका स्त्रीची शेवटची पाळी १० जूनला आली असे समजा. पाळीच्या हिशेबाने तिची तारीख १७ मार्च येते. १९ ऑगस्टला, म्हणजे हिशेबाप्रमाणे बरोबर दहा आठवडे झाल्यावर, पहिली सोनोग्राफी होते आणि गर्भ साडेआठ आठवड्यांचा दिसतो. फरक दहा दिवसांचा आहे. म्हणून तारीख २७ मार्च ठरायला हवी आणि तेथेच हा विषय संपायला हवा. पण कार्डावर १७ मार्च आधीच निळ्या शाईने लिहिलेले असते, ते कोणी खोडत नाही. पुढे आठव्या महिन्यात वाढ पाहण्यासाठी सोनोग्राफी होते. बाळ अंगाने लहान असते, म्हणून यंत्र त्याचे वय कमी धरते आणि १२ एप्रिल ही तारीख छापते. आता तिच्याकडे तीन तारखा आहेत. जो १७ मार्च धरील, तो २४ मार्चला ‘आठवडा वर गेला’ म्हणून कळांचे सलाईन लावील, वास्तविक तेव्हा तिचे चाळीस आठवडेही भरलेले नसतील. जो १२ एप्रिल धरील, तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातही ‘अजून वेळ आहे’ असे सांगून तिला घरी पाठवील, जेव्हा तिचे एक्केचाळीस आठवडे उलटलेले असतील आणि वार थकत चाललेली असेल. दुसरी चूक अधिक घातक आहे. बाळ लहान दिसले म्हणून तारीख पुढे ढकलली, की बाळ लहान आहे ही धोक्याची सूचनाच पुसली जाते. अहवालात सगळे वयाप्रमाणे दिसू लागते. उशिराच्या सोनोग्राफीने वाढ तपासायची असते, वय नव्हे, आणि वाढ तपासायची तर वय आधीच ठरलेले असावे लागते.

एवढे स्पष्ट असूनही तारखा का बदलत राहतात? डॉक्टरांना हे माहीत नसते असे म्हणणे चुकीचे ठरेल. बहुतेकांना ते चांगले माहीत असते. अडचण फाइलच्या प्रवासात आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली पद्धत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले, की इंदिरानगरची मुलगी धुळ्याला किंवा चाळीसगावला जाते, आणि धुळ्याची नाशिकला येते. सोबत येते ती बहुधा सर्वांत अलीकडची सोनोग्राफी. पहिल्या तीन महिन्यांतील अहवाल सासरच्या कपाटात राहतो. नव्या डॉक्टरांसमोर जो कागद असतो त्यावरची तारीख ते धरतात, आणि त्यांना दोष देणे कठीण आहे. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला येणाऱ्या स्त्रियांचे तर कार्डच गावी राहिलेले असते. कळा सुरू होऊन त्या जिल्हा रुग्णालयात पोहोचतात, तेव्हा ‘कितवा महिना?’ या प्रश्नाचे उत्तर आणि पोटावर फिरवलेला हात एवढ्यावरच चौतीस आठवडे भरले की नाहीत याचा निर्णय घ्यावा लागतो. त्या निर्णयावर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन द्यायचे की नाही, हे अवलंबून असते.

आणि हा केवळ दवाखान्यातला प्रश्न राहिलेला नाही. कायद्यानेही आपले मोजमाप याच तारखेला बांधले आहे. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, पण त्यांपैकी आठच आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात, आणि आधी जितके जातात तितके बाळाच्या वाट्याचे कमी होतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यातील कामगार स्त्रीची तारीख दोन आठवडे अलीकडे लिहिली गेली, तर ती बाळाला सोडून दोन आठवडे लवकर कामावर परतते. गर्भपाताच्या कायद्यात तर एकेक दिवस मोलाचा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक प्रवर्गातील स्त्रियांसाठी दोघांचे लागते, आणि त्यापुढे गर्भात गंभीर विकृती असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तरच परवानगी मिळते. वीस आठवड्यांच्या सुमारास होणाऱ्या सोनोग्राफीत विकृती आढळली आणि आई कोणत्या आठवड्यात आहे याविषयी दोन कागद दोन वेगळ्या गोष्टी सांगत असले, तर त्या कुटुंबाला कोणत्या दारात उभे राहावे लागेल, हे त्या सहा-सात दिवसांच्या फरकावर ठरते. मातृवंदना योजनेच्या अर्जातही शेवटच्या पाळीची तारीख विचारली जाते. राज्यसंस्था ज्या आकड्यावर हक्क वाटते, तो आकडा नीट ठरवण्याची व्यवस्था करणे हीदेखील तिचीच जबाबदारी आहे.

मुहूर्ताच्या सिझरविषयीही येथे बोलायला हवे, कारण नाशिकसारख्या क्षेत्राच्या गावी ते टाळता येत नाही. पत्रिका पाहून शस्त्रक्रियेचा दिवस आणि घटका ठरवून आणणारी कुटुंबे आहेत, आणि त्यांना नाही म्हणणारे डॉक्टर थोडे आहेत. श्रद्धेचा वाद मी येथे घालत नाही. मुद्दा साधा आहे: ठरवून करायचे सिझर एकोणचाळीस आठवड्यांच्या आत केले, तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते, हे सिद्ध झालेले आहे. पंचांगातील दिवस अडतिसाव्या आठवड्यात पडतो म्हणून तो धरला, आणि मूळ तारीखच दहा दिवसांनी चुकलेली निघाली, तर ते बाळ सदतीस आठवडेही न भरलेले असते. ग्रहांची गणिते घटका-पळांपर्यंत करायची आणि बाळाच्या वयाचे गणित अंदाजाने सोडून द्यायचे, हा प्रकार मला चमत्कारिक वाटतो.

तारीख एकदाच ठरवावी असे म्हणताना, ती ‘तारीख’ म्हणून सांगावी का, याचाही विचार केला पाहिजे. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी मुले शंभरात चार-पाच असतात. बीज कोणत्या दिवशी बाहेर पडले हे संप्रेरकांच्या मोजणीने निश्चित केलेल्या गर्भारपणांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला; त्यातही अकाली प्रसूती वगळल्यावर सर्वांत लहान आणि सर्वांत लांब गर्भारपणात सुमारे पाच आठवड्यांचा फरक आढळला. म्हणजे आरंभ अचूक कळला, तरी शेवट अचूक सांगता येत नाही. आपल्या चरकसंहितेने प्रसूतीचा काळ सांगताना दिवस सांगितलेला नाही. नववा महिना लागल्यापासून दहाव्यापर्यंतचा काळ सांगितला आहे. आजचे शास्त्रही सदतीस ते बेचाळीस आठवड्यांचीच मुदत मानते, तिच्यात एकोणचाळीस ते एक्केचाळीस हा सर्वांत चांगला भाग धरते, आणि तरीही दवाखान्यातून बाहेर पडताना स्त्रीच्या हाती एकच तारीख पडते. ती तारीख उलटली, की शेजारपाजारचे फोन सुरू होतात, ‘अजून नाही का?’ म्हणून विचारणा होते, आणि तिसऱ्या दिवशी घरचेच डॉक्टरांना म्हणू लागतात की आता काढून टाका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्या, सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के. या दरीला अनेक कारणे आहेत आणि तिचे सगळे खापर तारखेवर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण उलटलेल्या तारखेची भीती हे त्यांतले एक कारण आहे, यात मला शंका नाही.

यावर अनुभवी डॉक्टरांचा आक्षेप मला ठाऊक आहे. मुदत सांगितली तर लोक शेवटच्या दिवसापर्यंत फिरकत नाहीत, आणि काही बरेवाईट झाले तर ‘तुम्हीच थांबायला सांगितले होते’ म्हणून अंगावर येतात, असे ते म्हणतात. हा आक्षेप खोटा नाही. एक्केचाळीस आठवड्यांनंतर पोटातच बाळ दगावण्याचा धोका वाढत जातो, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना एक्केचाळीस आठवडे पूर्ण झालेल्या स्त्रीला कळा आणण्याची शिफारस करते. मात्र त्या शिफारशीत एक अट आहे: ते आठवडे पूर्ण झाल्याची खात्री असली पाहिजे. तारखा चार असतील, तर ही खात्री आणायची कोठून? नोंदीसाठी आणि कायद्यासाठी तारीख एकच असावी, ती पक्की असावी. स्त्रीशी बोलताना मात्र ‘या आठवड्यापासून त्या आठवड्यापर्यंत केव्हाही, आणि अमुक दिवसापुढे मी थांबणार नाही’ असे सांगावे. या दोन गोष्टींत विरोध नाही. ‘आमच्या वेळी कुठे होती तारीख?’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही एवढेच सांगावेसे वाटते, की तारीख नव्हती तेव्हा उशिराचे मूल कशाने गेले हेही कळत नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीवर सगळी भिस्त ठेवायची, तर जिथे सोनोग्राफीच नाही तिथल्या स्त्रीचे काय? कॉलेज रोडवर हाकेच्या अंतरावर केंद्रे आहेत. सुरगाण्याच्या पाड्यावरून मात्र त्यासाठी एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे मोडावे लागते. गर्भलिंग निवडीविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे यंत्रांवर कडक बंधने आहेत, आणि महाराष्ट्राचा पूर्वानुभव पाहता ती सैल करा असे मी म्हणणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच चोवीस आठवड्यांच्या आत प्रत्येक गर्भवतीची एक सोनोग्राफी व्हावी असे सांगितले आहे, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची विशेष तपासणी होण्याची व्यवस्थाही त्याच वर्षापासून आहे. त्या दिवशी आदिवासी तालुक्यांतील पहिल्या तिमाहीतील स्त्रियांना ग्रामीण रुग्णालयात नेऊन आणण्याची सोय केली, तर नवा कायदा लागत नाही. मोजमापावरून बाळाचे वय काढणाऱ्या सूत्रांचाही प्रश्न आहे: आपल्या यंत्रांत बहुधा असलेले हॅडलॉक यांचे सूत्र अमेरिकेतील स्त्रियांच्या मोजमापांवरून बनलेले आहे. आयआयटी मद्रास आणि फरिदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी भारतीय गर्भवतींच्या नोंदींवरून ‘गर्भिणी-जीए२’ हे सूत्र २०२४ मध्ये पुढे आणले, ते दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीसाठी आहे. उशिरा येणाऱ्या स्त्रियांना त्याचा उपयोग होईल. पण त्याने चूक कमी होईल, नाहीशी होणार नाही.

तेव्हा ज्या स्त्रीची पहिली सोनोग्राफीच सहाव्या-सातव्या महिन्यात झाली, तिच्या बाबतीत प्रामाणिकपणे वेगळी नोंद करायला हवी. बावीस आठवड्यांच्या आत एकही सोनोग्राफी नसेल, तर त्या गर्भारपणाची तारीख कच्ची समजावी, असे अमेरिकेतील तज्ज्ञांचे मत आहे, आणि ते आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडते. अशा वेळी तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजमाप घेऊन बाळ वाढते आहे ना, हे पाहावे लागते, आणि ठरवून प्रसूती करण्याची घाई टाळावी लागते. कार्डावर तारखेपुढे ‘पाळीवरून’, ‘पहिल्या सोनोग्राफीवरून’ आणि ‘कच्ची’ असे तीन चौकोन छापले आणि त्यांतल्या एकावर खूण करणे बंधनकारक केले, तर धुळ्याच्या डॉक्टरांना नाशिकच्या डॉक्टरांनी काय पाहिले होते ते फोन न करता कळेल. सोनोग्राफी केंद्रांनीही दुसऱ्या अहवालापासून यंत्राची नवी तारीख छापणे थांबवावे आणि त्या जागी आधी ठरलेली तारीख व तिच्या तुलनेत बाळाची वाढ लिहावी. यंत्राच्या छापील नमुन्यात तेवढा बदल करणे हे एका दुपारचे काम आहे.